सेकंडहँड कार्बन कंपाउंड घेताय? आधी कापूस, नाणं आणि टॉर्च

धनुष्याचा अॅल्युमिनियमचा रायझर, म्हणजे हातात धरायचा मधला भाग, आपटला तर पोचा येतो, वाकतो; नुकसान डोळ्यांना दिसतं. कार्बनचं तसं नाही. वरचा रंग शाबूत राहून आतले थर सुटलेले असू शकतात. ते कळतं तेव्हा दोरी पूर्ण ओढलेली असते आणि धनुष्य चेहऱ्यासमोर असतं. म्हणून जुनं कार्बन धनुष्य नुसतं बघून घ्यायचं नाही, तपासून घ्यायचं.

२०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडचे, म्हणजे टोकांना कॅम नावाची चाकं असलेल्या धनुष्याच्या प्रकाराचे, जागतिक विजेते झाले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार आहे. नव्या कार्बन धनुष्याची किंमत लाखांत जाते, त्यामुळे पालकांची नजर जुन्याकडे वळणं साहजिक आहे. पण बहुतेक कंपन्यांची वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते, हे भाव ठरवताना लक्षात ठेवा.

विक्रेत्याची भेट धनुर्विद्येच्या रेंजवर ठरवा, स्टेशनच्या पुलावर किंवा गाडीच्या डिकीपाशी नको. निदान पाऊण तास हाताशी हवा. सोबत घ्यायचं सामान साधं आहे: मेडिकलमधला कापूस, कान साफ करायच्या काड्या, छोटा टॉर्च, भिंग, स्टीलची टेप, दहाचं नाणं आणि मार्कर.

आधी लिम्ब

कार्बन धनुष्य म्हणतात तेव्हा बहुधा फक्त रायझर कार्बनचा असतो. लिम्ब, म्हणजे रायझरच्या वर-खाली असलेली वाकणारी पाती, बहुतेक वेळा काचतंतूंचे असतात आणि सगळा ताण तेच सोसतात. दोरी न ओढताही ते ताणलेलेच असतात, म्हणून दोरी कापणं किंवा बो प्रेसशिवाय (धनुष्य दाबून दोरी सैल करणाऱ्या यंत्राशिवाय) काही सुटं करणं अजिबात नको.

कापसाचा बोळा लिम्बच्या चारही कडांवरून टोकापासून पॉकेटपर्यंत, म्हणजे लिम्ब रायझरला जोडतो त्या खोबणीपर्यंत, हलकेच फिरवा. जिथे तंतू उठलाय तिथे कापसाचा धागा अडकून मागे राहतो. बोट फिरवू नका. काचतंतूची कुसळ कातडीत शिरली की काढणं कठीण जातं. मग टॉर्च लिम्बला जवळजवळ समांतर धरा. सरळ उजेडात न दिसणारी भेग तिरप्या उजेडात सावली टाकते. अॅक्सलच्या (कॅमच्या आसाच्या) भोकाभोवतीचा भाग आणि लिम्ब पॉकेटमध्ये शिरतो ती जागा भिंगाखाली सावकाश पाहा. बहुतेक वेळा सुरुवात तिथेच होते.

पॉकेटपाशी रंगावर केसासारख्या बारीक रेघा पुष्कळ धनुष्यांवर दिसतात. त्या नुसत्या रंगाच्या असू शकतात. नख अडकत नसेल आणि कापूसही अडकत नसेल, तर मार्करने रेघेच्या दोन्ही टोकांना ठिपके देऊन पुढे जा. रेघ लिम्बला आडवी असेल, किंवा कडेला थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटलेले दिसत असतील, तर व्यवहार तिथेच थांबवा. वर दोन, खाली दोन अशा चार लिम्बच्या धनुष्यात एकाचाच रंग किंवा छापील आकडा वेगळा असेल, तर तो कधी आणि का बदलला हे विचारा.

रायझर

नाण्याची कड रायझरवर दोन-दोन सेंटिमीटरवर हलकेच वाजवत जा. धड जागी टणटणीत ‘टक’ येतो, थर सुटलेल्या जागी ‘ठप’ असा मेलेला आवाज येतो. आत धातूचा तुकडा असलेल्या जागीही आवाज बदलतो. म्हणून साइटची (नेम धरायच्या साधनाची) भोकं, ग्रिप आणि पॉकेटचे सांधे कुठे आहेत ते आधी पाहून ठेवा. कापडासारखी वीण दिसणाऱ्या रायझरवर पांढुरका डाग असेल तर तिथे आतलं रेझिन, म्हणजे तंतू बांधून ठेवणारा चिकट पदार्थ, फुटलेलं असू शकतं. त्या डागाभोवती दुप्पट वेळ द्या.

साइट, रेस्ट (बाण टेकायचा आधार) आणि स्टॅबिलायझरचे (तोल राखणाऱ्या दांडीचे) आटे धातूच्या इन्सर्टमध्ये असतात आणि ती इन्सर्ट कार्बनमध्ये चिकटवलेली असतात. स्क्रू हाताने अर्धा फेरा फिरवा. स्क्रूबरोबर इन्सर्टही फिरली तर चिकटवण सुटली आहे.

मुंबईत आणखी एक गोष्ट बघावी लागते. कार्बन आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट ओल आली, की अॅल्युमिनियम गंजतं. दोन्हींच्या मध्ये राखलेला थर झिजला की हे सुरू होतं. वरळी किंवा वर्सोव्याच्या घरात धनुष्य दोन-तीन पावसाळे बंद केसमध्ये पडून असेल, तर सांध्यांपाशी पांढरी भुकटी किंवा रंगाखाली फुगवटा शोधा. केसचा स्पंज नाकाशी धरा. कुबट वास आला तर ओल तिथेच मुरली आहे.

कॅम, अॅक्सल, दोरी

बाण न लावता दोरी सोडली की त्याला ड्राय फायर म्हणतात. बाणाला मिळायची ती सगळी ताकद धनुष्यातच परत आदळते. अति हलका बाणही थोड्याफार प्रमाणात तेच करतो. साधारण नियम धनुष्याच्या ओढीच्या दर पाउंडाला निदान ५ ग्रेन वजनाच्या बाणाचा आहे. म्हणजे ६० पाउंडाला ३०० ग्रेन, सुमारे १९.४ ग्रॅम. विक्रेता वापरत होता तो बाण मागा आणि गल्लीतल्या कुठल्याही सराफाच्या काट्यावर ठेवून पाहा.

ड्राय फायरच्या खुणा अशा: कॅमच्या खाचेत टवका, वाकलेला अॅक्सल, दोरीच्या सर्व्हिंगमध्ये (तिच्यावर गुंडाळलेल्या संरक्षक धाग्यात) पडलेली फट. कानाची काडी कॅमच्या खाचेतून फिरवा. कापूस अडकला तर तीच कड पुढे सर्व्हिंग कापणार. कॅमच्या सपाट बाजूला बाण टेकवून तो दोरीशी किती समांतर जातो ते वर आणि खाली दोन्हीकडे पाहा. थोडा कल चालतो, पण वर-खाली ठळक फरक असेल तर अॅक्सल किंवा लिम्ब संशयित. अॅक्सलच्या दोन्ही टोकांच्या क्लिप जागेवर हव्यात.

दोरी आणि केबल विक्रीच्या तोंडावर नव्या घातल्या असतील तर जुन्या मागा. साधी देखभाल असेल तर विक्रेता त्या लगेच दाखवील. जुनी दोरी असली तर घाबरू नका, ती झिजणारीच वस्तू आहे; दोन-तीन वर्षांची असेल तर नव्या संचाचे पैसे भावातून वजा करा.

वरच्या अॅक्सलच्या मध्यापासून खालच्या अॅक्सलच्या मध्यापर्यंत टेप लावा आणि कंपनीने दिलेल्या मापाशी ताडा. एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर फरक दोरी ताणल्यानेही पडतो. त्याहून जास्त असेल तर कारण सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोरीपासून वरच्या आणि खालच्या पॉकेटपर्यंतचं अंतरही मोजा. लिम्ब आवळणारे दोन्ही बोल्ट सारखेच फिरवलेले असून अंतरात फरक पडत असेल, तर एक लिम्ब थकलेला असू शकतो.

ओढून पाहणं

इतकं सगळं नीट निघालं तरच. डोळ्यांना चष्मा, दोरीवर पुरेशा वजनाचा बाण, समोर तीन मीटरवर बट, म्हणजे बाण अडवणारं जाड लक्ष्य. ड्रॉ लेंग्थ (दोरी किती मागे ओढली जाते ते अंतर) आपल्या मापाची असू द्या. पहिल्यांदा फक्त सावकाश ओढा आणि तितक्याच सावकाश परत न्या. सोबतच्याला बाजूला, पण लिम्बच्या रेषेबाहेर उभं करून कॅम डुगडुगतो का ते बघायला सांगा. करकर किंवा एखादा सुटा ‘टिक’ ऐकू आला तर दुसऱ्यांदा ओढू नका. शांत असेल तर पाच-सहा बाण मारा आणि लिम्बवर पुन्हा कापूस फिरवा.

घरी आणल्यावर तीसेक बाणांनंतर भिंग काढून मार्करचे ते ठिपके पाहा. रेघ ठिपक्याच्या पलीकडे गेली असेल तर त्या धनुष्यावर पुन्हा बाण चढवू नका. ते आहे तसंच बो प्रेस असलेल्या कारागिराकडे न्या.