ब्लॉकचेन नेटवर्कची व्यवहारक्षमता कशी मोजावी

पुण्यातल्या गुलटेकडी मार्केट यार्डातील शेतमालाच्या आवकेची नोंद हायपरलेजर फॅब्रिक या संस्थांसाठीच्या ब्लॉकचेन प्रणालीवर ठेवायची आहे, असे समजू. पहाटेच्या लिलावाच्या गर्दीत हे नेटवर्क टिकेल का, याचे उत्तर ‘सेकंदाला अमुक व्यवहार’ एवढ्या एका आकड्यात मिळत नाही. किती भाराला किती विलंब लागतो, हे जोडीने मोजावे लागते.

व्यवहार पूर्ण झाला असे कधी म्हणायचे, ते आधी ठरवावे. व्यवहार पाठवल्यापासून तो पिअरच्या (नेटवर्कमधल्या नोंदी ठेवणाऱ्या संगणकाच्या) लेजरमध्ये, म्हणजे नोंदवहीत, वैध नोंद म्हणून उतरेपर्यंतचा काळ म्हणजे विलंब. यातला ‘वैध’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे, कारण फॅब्रिकमध्ये बाद झालेले व्यवहारही ब्लॉकमध्ये, म्हणजे एकत्र नोंदल्या जाणाऱ्या व्यवहारांच्या गठ्ठ्यात, राहतात, फक्त त्यांच्यावर तशी खूण असते. कांद्याच्या एकाच लॉटची शिल्लक दहा व्यवहारांनी एकाच वेळी वाचून बदलली आणि ते दहाही एका ब्लॉकमध्ये आले, तर पहिला मान्य होतो आणि उरलेले नऊ बाद होतात, कारण त्यांनी वाचलेली शिल्लक तोवर जुनी झालेली असते. ब्लॉकमधले व्यवहार मोजले तर दहा भरतात. काम मात्र एकच झालेले असते. उलट, चाचणीत प्रत्येक व्यवहाराला नवी ‘की’ (नोंदीची ओळखखूण) दिली, तर अशी टक्कर होतच नाही आणि आकडा फुगतो. म्हणून चाचणीचा डेटा यार्डातल्या खऱ्या नोंदींसारखाच, त्याच त्या लॉटवर पुन्हा पुन्हा येणारा हवा.

भार टाकण्यासाठी हायपरलेजर कॅलिपर हे चाचणीचे साधन वापरता येते. त्याचे वर्कर (व्यवहार पाठवणारे प्रोग्राम) पिअरपासून वेगळ्या मशीनवर चालवावेत. एक पिअर हिंजवडीत आणि दुसरा मुंबईत राहणार असेल, तर एकाच लॅपटॉपवरची चाचणी दिशाभूल करते. अशा वेळी लिनक्सच्या नेटेम या नेटवर्कची नक्कल करणाऱ्या सुविधेने तेवढा विलंब मुद्दाम घालावा.

आता सेकंदाला 50 व्यवहारांपासून सुरुवात करून भार टप्प्याटप्प्याने वाढवावा. प्रत्येक टप्पा पाच मिनिटे चालवून पहिले मिनिट हिशेबातून वगळावे आणि तो तीनदा करावा. पाठवण्याचा वेग वाढूनही पूर्ण होणाऱ्या व्यवहारांचा वेग जिथे थबकतो आणि विलंब एकदम उसळतो, ती नेटवर्कची मर्यादा. सरासरी विलंबावर विसंबू नये; 95वा पर्सेंटाइल, म्हणजे 95 टक्के व्यवहार ज्या वेळेच्या आत पूर्ण होतात ती वेळ, हीही काढावी.

कमी भारातही विलंब सेकंदाच्या आसपास दिसला, तर प्रथम ऑर्डररचा (व्यवहार क्रमाने लावून ब्लॉक बनवणाऱ्या घटकाचा) बॅच टाइमआउट, म्हणजे ब्लॉक बंद करण्याआधी तो जास्तीत जास्त किती थांबतो ती वेळ, तपासावा. तो 2 सेकंद असेल, तर ब्लॉक भरत नसताना व्यवहार नुसते वाट पाहत बसतात. तो बदलून पुन्हा मोजावे, मात्र एका वेळी एकच सेटिंग बदलावी.