तार तुटते कुठे, ते आधी बघा

माझ्या अकूस्टिक गिटारची पहिली, सगळ्यात बारीक तार सारखी तुटायची. म्हापशातल्या दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: गोव्याची खारी हवा, गंजते. खरंय, पावसाळ्यात गंज चढतोच. पण मग बाकीच्या पाच तारा कशा टिकतात?

तुटलेला तुकडा टाकू नका, तो सगळं सांगतो. माझी तार दर वेळी ब्रिजवरच्या (गिटारच्या अंगावर तारा अडकवतात तो भाग) सॅडलपाशीच, म्हणजे तारा टेकतात त्या बारीक पट्टीपाशीच, जायची. तार काढून तिथे कापूस फिरवला, तर नेमक्या त्या जागी एक तंतू अडकून राहिला. सॅडलला बारीकशी धार आली होती. आधी ६०० नंबरचा, मग १००० चा पॉलिश पेपर हलक्या हाताने मारून कडा गोल केली. जास्त घासू नका, उंची कमी झाली की तार फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, खडखडते. मानेच्या खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात, त्या नटच्या खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं भरलं. ट्यून करताना ‘टिक’ वाजून तार अडकायची, ते थांबलं.

खुंटीजवळ तुटत असेल, तर तिथल्या भोकाची धार तपासा.

वाजवून झालं की तारा सुक्या फडक्याने पुसतो. आता तार तुटण्याआधी तिचा आवाजच बसतो, तेव्हा बदलतो.