रोबोटिक्स शिकवताना या चुका टाळा: गाडी हलत नाही म्हणून आधी कोड बदलू नका

गाडी जोडून झाली, प्रोग्राम अपलोड झाला, स्विच दाबला आणि चाकं ढिम्म. मुलांचा हात लगेच कीबोर्डकडे जातो. दोन ओळी खोडायच्या, एखादा आकडा बदलायचा, पुन्हा अपलोड. तासाभराने मूळ प्रोग्राम कोणता होता हेही आठवत नाही, आणि दोष निघतो बॅटरीत. यात चूक मुलांची नाही. आपण कोड शिकवतो, वीज गृहीत धरतो.

सगळ्यात जास्त तास खाते ती ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. किटमध्ये ऐटीत बसते, व्होल्टही भरपूर दिसतात, पण मोटरला हवा तेवढा करंट देणं तिच्याच्याने होत नाही. थांबलेली मोटर सुरू होताना चालत्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं, आर्डुइनो (गाडीचा प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड) रीसेट होतो, मोटर बंद पडते, व्होल्टेज सावरतं, प्रोग्राम पहिल्यापासून सुरू. गाडी नुसते आचके देत राहते आणि मुलं म्हणतात, "सर, लूप चुकलंय," म्हणजे प्रोग्रामचा पुन्हापुन्हा चालणारा भाग. ओळखायची युक्ती सोपी आहे: सेटअपमध्ये, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना एकदाच चालणाऱ्या भागात, बोर्डवरचा दिवा तीनदा लुकलुकवा. गाडी आचका देताना तो पुन्हा लुकलुकला, तर बोर्ड रीसेट होतोय.

मल्टिमीटर लावायचा तो मोटर चालू असताना. भार नसेल तर मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा चांगला आकडा दाखवते. एए आकाराचे चार सेल घेतलेत तरी हिशेब करायला लावा: सेल ६ व्होल्ट देतात, एल२९८एन ड्रायव्हर (बोर्डच्या हुकमाने मोटरला वीज सोडणारं सर्किट) त्यातले साधारण २ स्वतःच गिळतो, मोटरला उरतात ४. मोटरसाठी वेगळी बॅटरी घेतली असेल तर तिचं ग्राउंड (ऋण टोक) आणि बोर्डचं ग्राउंड एकमेकांना जोडलेलं हवं. ही एक तार राहिली की सेन्सर, कोड, ड्रायव्हर सगळ्यांवर आळ येतो.

अपलोडच होत नसेल तर फार खोलात जाऊ नका. केबल फक्त चार्जिंगची तर नाही ना, पोर्ट बरोबर निवडला आहे ना, आणि ० व १ क्रमांकाच्या पिनांना काही जोडलेलं नाही ना, एवढं पाहा. सीरियल मॉनिटरवर (बोर्डने पाठवलेला मजकूर संगणकावर दाखवणाऱ्या खिडकीत) अगम्य चिन्हं उमटली तर कोडमधला आणि मॉनिटरचा वेग जुळत नाही; एकीकडे ९६०० असेल तर दुसरीकडेही ९६०० हवा.

कोडच्या खऱ्याखुऱ्या चुकाही असतातच. तुलनेच्या जागी दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह टाकणं ही नेहमीची. 'डिले' वापरून गाडी एक सेकंद पुढे न्यायची आणि तेवढ्यात तिने भिंत पाहावी अशी अपेक्षा करायची, ही दुसरी. डिले चालू असताना प्रोग्राम सेन्सर वाचतच नाही. माझी आवडती मात्र वेगळी आहे. गाडी अर्धा मिनिट छान चालते आणि मग वेड्यासारखी वागू लागते. कारण 'मिलिस'ची वेळ (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) 'इंट'मध्ये, म्हणजे लहान पूर्णांकांच्या कप्प्यात, साठवलेली असते. आर्डुइनो उनोवर इंटची मर्यादा ३२,७६७, म्हणजे ३२ सेकंद उलटून गेले की आकडा थेट ऋण होतो. 'अनसाइन्ड लाँग' हा मोठ्या, ऋण नसलेल्या आकड्यांचा कप्पा वापरला की प्रश्न मिटतो. पण उत्तर लगेच सांगू नका. घड्याळ लावून गाडी नेमकी कधी बिघडते ते मुलांना मोजू द्या.

इथे माझी स्वतःची खोड कबूल करतो. "आण इकडे, बघू" म्हणत मी गाडी हातात घ्यायचो, दोन मिनिटांत चालू करून द्यायचो आणि खूशही व्हायचो. मुलांना त्यातून एवढंच कळायचं की गाडी सरांकडे नेली की चालते. आता हात मागे ठेवून तीन प्रश्न विचारतो: काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? शेवटचा बदल कोणता केलास? एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती वहीत लिहायची, हा नियम. कीबोर्डवर बसणाराही दर तासाला बदलायचा, नाहीतर गटातला एकच मुलगा शिकतो आणि बाकीचे तारा धरून उभे राहतात.

हल्ली एक अख्खा तास मी मुद्दाम बिघडवलेल्या गाड्या देतो. एकीचं ग्राउंड काढलेलं, एकीत उतरलेले सेल, एकीत इंटची भानगड. आणि वरून धडधाकट पण आतून तुटलेली एक जंपर तार आहे, ती मी खास या तासासाठी डबीत जपून ठेवली आहे.