ट्रकच्या पोटाला कोटिंग मारण्याआधी

मृग लागायच्या आत गाडीच्या पोटाला गंज रोखणारा थर मारायचे हे काम उरकायचे असेल तर तीन दिवस भाडे घेऊ नका. फवारा दोन तासांत मारून होतो. बाकी वेळ धुण्यात, घासण्यात आणि वाळवण्यात जातो, आणि कोटिंग टिकते की सुटते ते तिथेच ठरते.

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत शिरणाऱ्या गाडीखाली काळी माती बसते. मडगार्डच्या दुमडीत, क्रॉस मेंबरच्या (चेसिसच्या आडव्या पट्टीच्या) वर ती दिवसेंदिवस ओल धरून राहते. प्रेशरचे पाणी मारण्याआधी ती लाकडी पाचरीने खरवडा. मागच्या फेरीत मीठ किंवा पोटॅश खत आणले असेल तर दोनदा धुवा. दोन्हींत क्लोराइड असते, ते थोडे जरी राहिले तरी कोटिंगखाली गंज चालूच राहतो. जळके ऑइल फासलेले असेल तर डिग्रीझरने काढा. तेलकट लोखंडावर प्राइमर, म्हणजे कोटिंगखालचा पहिला हात, धरत नाही, शिवाय त्या ऑइलने सांध्यांतल्या बुशांचे रबर खराब होते.

मग गाडी दिवसभर उन्हात ठेवा. सुटे पापुद्रे वायर ब्रशने काढा, हातोडीने ठोकत जा. आवाज बद्द आला की पत्रा आतून खाल्लेला समजा. चेसिसला चीर दिसली तर आधी मिस्त्रीला दाखवा. वेल्डिंगही आत्ताच, नंतर ठिणगीने कोटिंग पेटते. घट्ट बसलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंजाला घट्ट थरात बदलणारे रसायन), त्यावर रेड ऑक्साइड प्राइमर. मी एकदा हे सगळे गाळून गंजावरच जाड रबरी थर मारून घेतला होता. पावसाळ्यानंतर फुगवटा टोचला तर आतून तांबडे पाणी आले. वरून गाडी काळीभोर, चकचकीत दिसत होती, म्हणून कळलेच नाही.

सायलेन्सर, ब्रेकचे ड्रम, हवेचे रबरी पाइप, प्रॉपेलर शाफ्ट, ग्रीस निपल, वायरिंगचे जोड, होसिंगचा (मागच्या अ‍ॅक्सलच्या कवचाचा) ब्रीदर, म्हणजे हवा सुटायचे तोंड, आणि चेसिस नंबर कागद-टेप लावून झाका. ब्रीदर बुजला तर आतला दाब वाढून सीलमधून ऑइल गळते. खडी उडते तिथे रबरी कोटिंग, आणि चेसिसच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत, जिथे ब्रश पोचत नाही, तिथे झिरपणारे पातळ मेणाचे.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणालाही जाऊ देऊ नका, लाकडी ठोकळे लावाच. खड्ड्यात उतरून फवारणार असाल तर जास्त जपा: थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साचते. पंखा बाहेर ठेवून ताजी हवा आत सोडा, बिडी-काडी लांब, आणि तोंडाला रुमाल पुरत नाही, कार्बन फिल्टरचा मास्क लागतो. पोराला उतरवणार असाल तर त्यालाही तोच द्या.

आपल्याकडे मे महिन्यात 45 अंशांला लोखंडाला हात लावता येत नाही. फवारा वाटेतच सुकून खरबरीत बसतो. सकाळी लवकर मारा. एका जाड थरापेक्षा दोन पातळ, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. दुसरा थर सुकला की टेप काढा, पाणी निचऱ्याची भोके तारेने मोकळी करा, ग्रीस मारा, मगच गाडी भरायला लावा.