ठिसूळ हाडांच्या लेकराचे दात कसे सांभाळायचे

ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे ओआय, हा हाडं ठिसूळ असण्याचा आजार ज्या घरात आहे तिथं सगळं लक्ष प्लास्टर न् एक्स-रेकडेच असतं, दाताकडे बघायला कोणाला फुरसत. पण पहिला दुधाचा दात दिसला की दाताचंही काम सुरू करा, कारण उशीर केला तर दात हिरडीपर्यंत झिजलेला सापडतो.

आधी आत काय चाललंय ते समजून घ्या. बहुतेक पेशंटमध्ये गडबड सीओएल१ए१ नाहीतर सीओएल१ए२ या जीनमध्ये असते, त्यामुळे टाइप १ कोलॅजन नावाचं प्रोटीन नीट बनत नाही. हाडात हेच कोलॅजन असतं आणि दाताच्या आतल्या डेंटिनमध्ये पण हेच. वरचं इनॅमल वेगळं, ते जवळपास ९६ टक्के खनिज, आणि या लेकरांचं इनॅमल बहुतेक वेळा बऱ्यापैकी ठीकच असतं. मग टवके का उडतात? फरशी पक्की पण खालची भर भुसभुशीत, तसं होतं ते. डेंटिन मऊ पडतं, दोघांच्या जोडावरची पकड कच्ची राहते, इनॅमल सुटतं आणि मग उघडं पडलेलं डेंटिन भराभर झिजतं. याला डेंटिनोजेनेसिस इम्परफेक्टा म्हणतात. ओआयवाल्या सगळ्यांनाच हे होत नाही, आणि होतं तेव्हा पक्क्या दातांपेक्षा दुधाच्या दातांना जास्त होतं. म्हणून पोराचे दात तुटले की आईला "चॉकलेट देत होतीस ना" म्हणणं आधी बंद करा, प्लीज.

ओळखायचं कसं, तर दिवसाच्या उजेडात ओठ हळूच वर करून बघा. दात निळसर राखाडी किंवा काळपट पिवळा, मधासारखा, थोडा आरपार दिसतो. आपल्या विदर्भात एक घोळ होतो, चंद्रपूर-यवतमाळकडे बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, त्यामुळे दात डागाळलेला दिसला की लोक पाण्यावर ढकलून मोकळे होतात. पण फ्लोरोसिस इनॅमलचाच आजार आहे, पांढरट पट्टे नाहीतर तपकिरी डाग, आणि जास्त करून पक्क्या दातांवर. खात्री एक्स-रेमध्ये होते: वरचा भाग फुगीर, मुळं आखूड, आतली नसेची पोकळी भरून गेलेली.

नागपुरात मेडिकल कॉलेजजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथं लहान मुलांच्या दातांचा विभाग विचारा. नंबर लागला की खुर्चीत बसवायच्या आधीच सांगायचं, लेकराला ओआय आहे, हात धरून ओढू नका, काखेत धरून उचलू नका, जबड्यावर जोर देऊ नका, आणि बीपीचा पट्टा बांधायच्या आधी मला विचारा. आजार जास्त असेल तर त्या पट्ट्यानं पण हाड मोडू शकतं. हे सांगायला अजिबात लाजू नका.

दाढा झिजायच्या आधीच त्यावर स्टीलची कॅप बसवायची का, हे स्वतःहून विचारा, कारण सारखं फिलिंग केलं तरी खाली धरायला पक्कं काही नसल्यानं ते निघून येतं. ब्लीचिंगच्या नादी लागू नका, रंग आतून आलेला असतो.

घरी मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर सहापर्यंत वाटाण्याएवढी. संत्र्याच्या सीझनमध्ये संत्री खुशाल द्या, फक्त वरून पाणी प्यायला लावा आणि अर्धा तास ब्रश नको. बर्फ, सुपारी, कडक चिक्की दातानं फोडू द्यायची नाही.

आणखी एक, पॅमिड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक ॲसिड या हाडं बळकट करायच्या औषधाचं सलाईन सुरू होणार असेल तर त्याआधी दात तपासून जे काढायचे-भरायचे ते उरकून घ्या. आधीच सुरू असेल तर दात काढायच्या वेळी डेंटिस्टला औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख दाखवा, आणि हाडाच्या डॉक्टरशी फोनवर बोलून घ्या म्हणा, मगच दाताला हात लावू द्या.