टर्बोवाल्या जिप्सीला पल्सरचे कार्बोरेटर बसवायचे असतील तर

आमच्या मराठवाड्यात ऑफरोडचं वेड असलेली पोरं बरीच आहेत आणि त्यातल्या निम्म्यांच्या दारात मारुतीची जुनी जिप्सी उभी असते. टर्बो, म्हणजे इंजिनमध्ये हवा दाबून भरणारा पंखा, कसा लावायचा हे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण टर्बो लावल्यावर मूळ कार्बोरेटरचं (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचं) काय करायचं म्हटलं की सगळे गप्प. म्हणून आज फक्त कार्बवर लिहितो. मी गृहीत धरतो की १२९८ सीसीचं कार्बवालं इंजिन आहे, टर्बो आणि त्याची गरम हवा थंड करणारा इंटरकूलर बसलेत, आणि गाडी रस्त्यावर नाही तर शेतात, माळावर, ट्रॅकवर पळवायची आहे. हे शेवटचं लई महत्त्वाचं, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल केलेली गाडी पब्लिक रोडवर चालवता येत नाही, ती टेम्पोत टाकूनच न्या. आणि तुमची जिप्सी एमपीएफआय, म्हणजे कार्बऐवजी इंजेक्शनवाली असेल तर कार्बच्या नादाला लागूच नका, इंजेक्शन ठेवा आणि ईसीयूवर (इंजिनच्या कॉम्प्युटरवर) खर्च करा, टर्बोसाठी तेच चांगलं.

आधी कार्ब कुठं बसवायचा ते ठरवा. टर्बोच्या आधी बसवला तर प्रेशरची कटकट नसते हे खरं, पण पेट्रोल-हवेचं मिक्स्चर पूर्ण टर्बोतून, पाइपातून, इंटरकूलरमधून फिरणार, पेट्रोल मधेच थंड होऊन तळाला साचणार आणि एखादा बॅकफायर झाला की तेवढी सगळी पाइपलाइन पेटणार. वर थ्रॉटल बंद असताना कंप्रेसरच्या सीलवर व्हॅक्यूम येऊन टर्बोचं ऑइल आत ओढलं जातं. चढ-उतारावर हेलकावे खाणाऱ्या गाडीत हे मला अजिबात पटत नाही. म्हणून कार्ब टर्बोच्या नंतर, म्हणजे टर्बो, इंटरकूलर, मग बंद डबा ज्याला प्लेनम म्हणतात, मग कार्ब आणि मग इंजिन. जिप्सीचं एक बरं आहे, इनटेक एका बाजूला आणि एक्झॉस्ट दुसऱ्या बाजूला, त्यामुळं कार्ब टर्बोच्या आगीपासून लांब राहतात.

आता कार्ब कोणता? माझं मत स्पष्ट आहे, कार्बवाल्या बजाज पल्सर २२० बाईकचे ३२ एमएमचे व्हॅक्यूमवाले (आतली स्लाइड केबलने नाही तर डायफ्राम आणि व्हॅक्यूमने उचलणारे) चार कार्ब, प्रत्येक सिलेंडरला एक. लोक म्हणतात २२० सीसीचा कार्ब जिप्सीला कसा पुरणार, तर हिशोब करून बघा. जिप्सीचा एक सिलेंडर ३२४ सीसीचा, ६००० आरपीएमला दर दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतो म्हणजे मिनिटाला साधारण ९७० लिटर. पल्सर २२० आपली पूर्ण ताकद ८५०० आरपीएमला देते, तिथं ती मिनिटाला ९३५ लिटर ओढते. जवळजवळ सारखंच. आणि बूस्टमध्येसुद्धा, म्हणजे टर्बो दाब देत असतानाही, हा आकडा तोच राहतो, कारण हवा दाबून आलेली असते, लिटर तेवढेच, फक्त प्रत्येक लिटरमध्ये हवा जास्त. त्यामुळं मोठ्या कार्बची गरज नाही, जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, बदलायची गरज आहे. चारही कार्ब एकाच मॉडेलचे घ्या, भंगारातून घेतले तरी चालतील पण डायफ्राम, सुई, सुईची सीट आणि सगळी रबरं नवीन टाका, तिथं पैसे वाचवू नका.

आणखी एक गैरसमज लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय की बाईक वळणावर एवढी झुकते तरी कार्बला काही होत नाही, म्हणजे तो कसाही तिरका चालतो. असं नाही. बाईक वळणावर झुकते तेव्हा पेट्रोलवर पडणारा जोर पण बाईकसोबतच झुकतो, त्यामुळं बाऊलमधलं (कार्बच्या खालच्या वाटीतलं) पेट्रोल बाईकच्या हिशोबाने सपाटच राहतं. जिप्सी चढावर तिरकी उभी राहते तेव्हा तसं होत नाही, पेट्रोल खरोखर एका बाजूला जातं. तरी हे कार्ब जिप्सीत चांगले चालतात, कारण बाऊल छोटा असतो आणि मेन जेट बाऊलच्या साधारण मधोमध. कार्ब आडवे बसवल्यामुळं गाडी चढावर लागली की कार्ब बाईक कलल्यासारखा डाव्या-उजव्या बाजूला कलतो, आणि त्या दिशेनं दोन्ही फ्लोट (पेट्रोलची लेव्हल राखणारे तरंगते) जेटच्या दोन बाजूंना असल्यानं लेव्हल फार बिघडत नाही. बसवताना एवढंच बघा की बाईकवर कार्ब जेवढ्या कोनात होता साधारण तेवढ्याच कोनात इथं यावा.

मॅनिफोल्डचं काम लेथवाल्याकडं आणि आर्गन वेल्डिंगवाल्याकडं करून घ्या. वाळूज, चिकलठाणा एमआयडीसीत असली कामं रोजची आहेत, लातूर, नांदेडलाही करणारे भेटतात. १० एमएमची अल्युमिनियम प्लेट हेडच्या गॅस्केटवरून मार्क करून कापायची, तिच्यावर चार छोटे पाइप वेल्ड करायचे आणि वेल्डिंगनंतर प्लेटचं तोंड परत फेस मारून (सपाट करून) घ्यायचं, कारण वेल्डिंगमध्ये प्लेट वाकतेच. कार्ब सुटे असल्यामुळं पोर्टच्या अंतराप्रमाणं मांडता येतात, मग चौघांना एका जाड पट्टीवर कसा. कार्ब आणि मॅनिफोल्डच्या मधे बाईकचे रबर बूट वापरू नका, ते व्हॅक्यूमसाठी आहेत, बूस्ट आला की निसटतात. जाड सिलिकॉन होज आणि टी-बोल्टचे क्लॅम्प लावा आणि पाइपाच्या टोकाला उंच कड ठेवा. चारही पाइपांतून एकेक बारीक नळी काढून एका छोट्या टाकीत जोडा, ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम तिथून घ्या. बूस्टरच्या होजमधला चेक व्हॉल्व्ह ठीक आहे का ते आधी बघा, तो खराब असेल तर बूस्ट ब्रेकच्या बूस्टरमध्ये जाईल आणि उतारावर ब्रेकचा पत्ता नसेल. क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या ऑइलच्या भागाच्या) ब्रीदरच्या नळीलाही तसाच एका दिशेचा व्हॉल्व्ह पाहिजे, नाहीतर ऑइल सीलमधून ऑइल बाहेर यायला लागतं.

आता सगळ्यात मुख्य गोष्ट, आणि ९० टक्के गाड्या इथंच अडकतात. कार्बला असं वाटलं पाहिजे की बूस्टचं प्रेशर हीच बाहेरची हवा आहे. बाईकवर बाऊलमध्ये बाहेरच्या हवेचं प्रेशर असतं आणि व्हेंच्युरीत (कार्बच्या अरुंद गळ्यात) त्यापेक्षा थोडं कमी, या फरकामुळं पेट्रोल जेटमधून वर येतं. तुम्ही तोंडातून ७ पीएसआय, म्हणजे साधारण अर्धा बार, बूस्ट घातला आणि बाऊलची व्हेंटची (हवा जायची) नळी उघडीच ठेवली तर पेट्रोल वर यायच्या ऐवजी उलटं बाऊलमध्ये ढकललं जाणार आणि गाडी बूस्ट आला की धाडकन बंद पडणार. मग पोरं म्हणतात जेट लहान पडायलेत, मोठे टाका. जेटचा काही संबंध नसतो. म्हणून चारही व्हेंटच्या नळ्या प्लेनमला जोडा, आणि अशा ठिकाणी जोडा की हवेचा झोत थेट नळीच्या तोंडावर येणार नाही. डायफ्रामच्या खालच्या खोलीला हवा देणारं भोक कार्बच्या तोंडातच असतं, प्लेनमचा होज त्या भोकाला झाकत नाही ना ते टॉर्च मारून बघा. ते झाकलं गेलं तर स्लाइड वर उचलणारच नाही.

त्याच हिशोबाने पेट्रोलचं प्रेशर. हा कार्ब टाकीतून आपोआप खाली येणाऱ्या पेट्रोलवर चालतो, त्याला २ पीएसआय म्हणजे भरपूर. पण बाऊलमध्येच ७ चा बूस्ट बसलेला असेल तर पंपाने ९ दिले तरच पेट्रोल आत जाईल, आणि बूस्ट नसताना तेच ९ दिले तर सुई उचलून पेट्रोल ओव्हर होणार. यासाठी बूस्टची नळी जोडता येणारा कार्बचा रेग्युलेटर पाहिजे, बूस्ट जेवढा वाढला तेवढंच पेट्रोलचं प्रेशर वाढवणारा, आणि टाकीकडं परत जाणारी रिटर्न लाइन. कार्बचे साधे इलेक्ट्रिक पंप ४ ते ७ पीएसआयचे असतात, ते इथं चालत नाहीत. इंजेक्शन गाडीचा पंप चालतो पण तिचा रेग्युलेटर नाही, तो ३ बारच्या आसपास ठेवतो. पंपाची वायरिंग अशी करा की इंजिनचं ऑइल प्रेशर गेलं की पंप बंद, गाडी उलटली तर पेट्रोल ओतत राहू नये. एक कट-ऑफ स्विच हाताशी आणि फायर एक्स्टिंग्विशर सीटजवळ, याला पर्याय नाही.

कार्बला प्रेशर सहन करायची सवय नसते, त्यामुळं जिथं जिथं भोक आहे तिथं बघा. थ्रॉटल शाफ्टचे सील नवीन टाका, ते गळायले तर बूस्टमध्ये तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि खाली गरम इंजिन. चोकच्या केबलची जागा टोपी लावून बंद करा, बाऊलच्या ओव्हरफ्लोची नळी असेल तर ती बंद करा, डायफ्रामच्या झाकणाचे स्क्रू आणि बाऊलची गॅस्केट तपासा. पोकळ फ्लोट गरम पाण्यात बुडवून बघा, बुडबुडे आले की फेका. ओव्हरफ्लो बंद केल्यावर सुई अडकली तर पेट्रोल सरळ इंजिनमध्ये जातं, म्हणून पेट्रोल लाइनला चांगला बारीक फिल्टर पाहिजेच. सगळं जोडून झाल्यावर, पेट्रोल न भरता, पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरने टर्बोच्या तोंडातून ५ पीएसआय हवा द्या आणि साबणाचं पाणी मारा. फेस जिथं येतोय तिथं काम बाकी आहे.

मग जेट. घाटावर चढलं की कार्बवाली गाडी रिच होते (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडतं), म्हैसमाळला बाईक घेऊन गेलेल्यांना माहिती असेल, हवा विरळ होते पण पेट्रोल तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही. बूस्टमध्ये बरोबर याच्या उलट होतं, हवा घट्ट होते आणि मिक्स्चर लीन पडतं (पेट्रोल कमी पडतं). अर्धा बार बूस्ट आणि चांगला इंटरकूलर असेल तर हवा साधारण १.४ पट घट्ट होते, पेट्रोल मात्र तिच्या वर्गमुळाने म्हणजे १.१८ पटच वाढतं. राहिलेली कसर जेटने भरायची, भोकाचं क्षेत्रफळ १८ टक्के जास्त म्हणजे व्यास ९ टक्के जास्त. समजा जेटचा नंबर व्यासावर असेल आणि मूळ जेट १२० असेल तर १३१. त्यात आताच्या ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलला साध्या पेट्रोलपेक्षा ८-९ टक्के पेट्रोल जास्त लागतं, म्हणजे १३६ पर्यंत जातो. सुरुवात १४० पासून करा आणि रिचकडून खाली या, लीनकडून वर जाऊ नका, लीनमध्ये एका मिनिटात पिस्टन जातो. जेट एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे घ्या, कारण नंबर मोजायची पद्धत वेगवेगळी असते, आणि तार घालून भोक मोठं करायचं नाही.

ट्यूनिंगला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टवरून मिक्स्चर मोजणारा) लागतोच, कानाने बूस्ट ट्यून होत नाही. आधी फ्लोटची लेव्हल चारही सारखी, मग आयडल आणि व्हॅक्यूम गेजने चौघांचं सिंक, मग सुईची उंची, शेवटी मेन जेट. वेस्टगेटला (बूस्टची मर्यादा राखणाऱ्या व्हॉल्व्हला) सगळ्यात नरम स्प्रिंग लावून सुरू करा. फुल बूस्टला लॅम्ब्डा (१ म्हणजे बरोबर मिक्स्चर, त्याखाली रिच) ०.८० च्या आसपास ठेवा, एएफआर म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणाऱ्या गेजवर तो ११.८ दिसतो. इग्निशन दर एक पीएसआय बूस्टला साधारण एक डिग्री मागे घ्या, प्लग एक नंबर थंड घ्या, गॅप ०.७ एमएम. जिप्सीचं कॉम्प्रेशन ९ ला १ च्या आसपास असतं, त्यामुळं अर्ध्या बारच्या वर जायचा मोह नको. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात ४० च्या वरच्या उन्हात टर्बोतून निघणारी हवा १०० अंशापर्यंत जाते, म्हणून ट्यूनिंग दुपारच्या उन्हात तपासा, सकाळच्या गारव्यात नॉकिंग (मिक्स्चर आपोआप भडकून होणारी ठोठो) लपून राहतं. ९५ ऑक्टेनचं पेट्रोल मिळत असेल तर तेच टाका.

हवेच्या फिल्टरचं शेवटी सांगतो पण काळ्या मातीत राहणाऱ्यांनी ते पहिलं करायचं. उन्हाळ्यात आपल्या रानातली धूळ पीठासारखी बारीक असते, ती टर्बोची पाती खाते आणि कार्बच्या एअर जेटमध्ये जाऊन बसते. ट्रॅक्टरच्या स्पेअरच्या दुकानात धूळ फिरवून बाहेर टाकणारा प्री-क्लीनर मिळतो, तो लावा आणि त्याच्या मागे मोठा कागदी फिल्टर, बोनेटच्या वरून हवा घेणारा. प्रत्येक राइडनंतर फिल्टर झटका, आणि चार-पाच राइडनंतर एक बाऊल उघडून तळाला काय साचलंय ते बघा, त्यात माती दिसली तर फिल्टरच्या पाइपाचा एखादा जोड उघडा आहे किंवा टाकीतूनच कचरा यायलाय.