आरपीजीमधून सीव्हीटीएचसी: पॅक्ड फील्डमधले खरे बाइट पाहायचे कसे

रात्रीची बॅच आरएनएक्स ०९०७ देऊन थांबली की समजायचं, एखाद्या पॅक्ड फील्डमध्ये (दर बाइटला दोन अंक, शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्ह) आकड्यांच्या जागी भलतंच काही शिरलंय. सीप्झ असो की बीकेसी, बँका-विम्याचं एएस/४०० (आयबीएमची संगणक प्रणाली) सांभाळणाऱ्यांना हा मेसेज पाठ असतो. डीबगर हाताशी असेल तर ‘इव्हॅल’मध्ये फील्डच्या नावापुढे ‘:एक्स’ लावून काम भागतं. प्रॉडक्शनमध्ये मात्र ते बाइट लॉगमध्येच उतरले पाहिजेत, आणि त्यासाठी बाइट हेक्स अक्षरांत (० ते ९, ए ते एफ) लिहून देणारं सिस्टिमचं सीव्हीटीएचसी फंक्शन थेट आरपीजी या प्रोग्रॅमिंग भाषेतून बोलवता येतं.

फंक्शनच्या प्रोटोटाइपमध्ये, म्हणजे आरपीजीतल्या त्याच्या घोषणेत, तीन पॅरामीटर येतात: उत्तर ठेवायच्या जागेचा पॉइंटर (पत्ता), मूळ बाइटचा पॉइंटर आणि लांबी, म्हणजे दहा अंकी इंटिजर. तिघांनाही ‘व्हॅल्यू’ (पत्ता नव्हे, किंमतच पाठवा) हवंच. लांबीचं ‘व्हॅल्यू’ राहिलं तर फंक्शनला आकड्याऐवजी पत्ता मिळतो आणि लांबी चुकते. ‘एक्स्टप्रॉक’मधलं, म्हणजे फंक्शनचं खरं बाहेरचं, नाव अवतरणात, लहान लिपीत लिहा. ‘एक्स्टप्रॉक’च गाळलं तर कंपायलर मोठ्या लिपीतलं नाव शोधतो आणि बाइंडिंगच्या वेळी (प्रोग्रॅमला फंक्शन जोडताना) सीपीडी५डी०२, म्हणजे नाव न सापडल्याचा मेसेज, येतो. कंट्रोल ओळीत क्यूसीटूएलई ही बाइंडिंग डिरेक्टरी आणि डीएफटीएसीटीजीआरपी (डीफॉल्ट अॅक्टिव्हेशन ग्रुप) ‘नो’ द्या.

लांबी बाइटमध्ये मोजायची नाही. ती उत्तरातल्या हेक्स अक्षरांची संख्या असते, बाइटच्या दुप्पट. सात अंकी पॅक्ड फील्ड ४ बाइटचं, म्हणून लांबी ८ आणि उत्तराचं फील्डही किमान ८ अक्षरांचं. ते लहान पडलं तर कुठलाही एरर न येता शेजारचं व्हेरिएबल पुसलं जाऊ शकतं, आणि प्रोग्रॅम पुढे कुठेतरी कोसळतो. हा दोष शोधायला सगळ्यात जास्त वेळ खातो.

रेकॉर्ड डेटा स्ट्रक्चरमध्ये वाचा. नाहीतर वाचतानाच, फील्ड भरताना, तोच आरएनएक्स ०९०७ येऊ शकतो. मग त्यातल्या सबफील्डचा ‘%अॅड्र’ (पत्ता) पाठवा.

१२५०.७५ ही रक्कम ०१२५०७५एफ अशी दिसली की ठीक. ४०४०४०४० म्हणजे चार स्पेस. एफ०एफ०एफ१एफ२ म्हणजे झोन्ड आकडे (दर बाइटला एकच अंक) पॅक्ड जागेत आले. दोन्हींत शेवटच्या अर्ध्या बाइटला वैध चिन्ह नसतं. अशा वेळी आधी ‘नोचेक’ देऊन केलेली सीपीवायएफ (फाइल कॉपी करणारी कमांड) तपासा. ती बाइट जसेच्या तसे उचलते.